देव कुठे गेले? दाविद आणि मंडळींची ग्रीक पुराणचित्रे

कुंचलेवाला

एंडिमियनची गोष्ट एवढीशी. देखणा मेंढपाळ, त्याच्यावर भाळलेली चंद्रदेवी सेलीनी, आणि त्याच्या वाट्याला आलेली कायमची झोप. तो झोपलेला असतो, ती रात्री येऊन त्याला बघत राहते. जुन्या चित्रकारांना ही गोष्ट म्हणजे पर्वणीच. कपाळावर चंद्रकोर मिरवणारी देवी ढगांवरून उतरवायची, भोवती चार गुबगुबीत बाळं उडवायची, झालं. १७९१ मध्ये रोमला शिकायला गेलेल्या जिरोदे नावाच्या फ्रेंच तरुणाने हीच गोष्ट रंगवली आणि त्यातून देवीच गाळली. एंडिमियन आडवा पसरलाय, पंख असलेला एक खट्याळ पोरगा झाडीच्या फांद्या बाजूला करतोय आणि त्या फटीतून चांदण्याचा झोत झोपलेल्याच्या अंगावर पडलाय. तो झोत म्हणजेच सेलीनी. १७९३ च्या सलाँमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात, हे चित्र लोकांनी पाहिलं. आज ते लूव्रमध्ये आहे.

निओक्लासिकल, म्हणजे आपल्या पुस्तकांतली नवअभिजात शैली. त्या काळातली ग्रीक पुराणांवरची चित्रं बघताना माझ्या डोक्यात हे एकच खूळ बसलंय. विषय सगळे पुराणातले, पण देव शोधावे लागतात.

थोडी पार्श्वभूमी. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत फ्रान्समध्ये देवांची चंगळ होती. बूशेच्या चित्रांतल्या गुलाबी व्हीनस (अफ्रोडाइटी या प्रेमदेवीचं रोमन नाव), कबुतरं, ढग, रेशमी चादरी. दरबारी लोकांच्या शयनगृहांसाठी हे ठीक होतं, पण दिदरोसारखे समीक्षक त्यावर तुटून पडत. तिकडे इटलीत १७३८ पासून हर्क्युलेनियम आणि १७४८ पासून पाँपेई ही ज्वालामुखीखाली गाडली गेलेली रोमन शहरं खणून वर येत होती. १७५५ मध्ये विंकेलमन या जर्मन अभ्यासकाने ग्रीक कलेचं मर्म ‘उदात्त साधेपणा आणि शांत भव्यता’ असं सांगितलं आणि पुढची दोन पिढ्यांची चित्रकला त्या चार शब्दांवर चालली. (हा गृहस्थ ग्रीसला कधीच गेला नाही. त्याने रोममध्ये जे पाहिलं त्यातल्या बऱ्याचशा रोमन नकलाच होत्या. तरी त्याचा शब्द प्रमाण!) १७७४ पासून फ्रेंच राजाच्या बांधकाम खात्याचा प्रमुख झालेल्या दांजिव्हिएने ठरवून गंभीर, नीतिपर विषयांची कामं चित्रकारांना द्यायला सुरुवात केली. अशा हवेत ढगांवर लोळणाऱ्या देवांचं काय होणार?

आता झाक-लुई दाविद. १७८३ मध्ये फ्रान्सच्या राजेशाही चित्रकला अकादमीचं पूर्ण सभासदत्व मिळवण्यासाठी त्याने ‘हेक्टरचा शोक करणारी अँड्रोमकी’ सादर केलं. इलियडमध्ये, म्हणजे होमरच्या ट्रोजन युद्धावरच्या महाकाव्यात, ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या मरणात देवांचा हात किती! अथीना त्याच्या भावाचं रूप घेऊन त्याला फसवते, झ्यूस तराजू तोलतो, अपोलो साथ सोडतो. दाविदच्या चित्रात यातलं काही नाही. पलंगावर प्रेत, शेजारी बायको, तिच्या मांडीशी लहानगा पोरगा, खाली शिरस्त्राण आणि तलवार. मागची भिंत जवळजवळ काळी. एखाद्या घरात माणूस गेल्यावर जे उरतं तेवढंच.

‘पॅरिस आणि हेलन’ (१७८८) तर माझ्या मुद्द्याचा पुरावाच म्हणा. इलियडच्या तिसऱ्या सर्गात हेलनचा नवरा मेनेलेअस तिला पळवून नेणाऱ्या पॅरिसला (हा ट्रॉयचा राजपुत्र) शिरस्त्राणाच्या पट्ट्याला धरून फरफटत नेत असतो. अफ्रोडाइटी पट्टा तोडते, पॅरिसला धुक्यात गुंडाळून थेट शयनगृहात आणून टाकते. मग हेलनला बोलवायला जाते. हेलन ऐकत नाही, तेव्हा तिला सरळ धमकावते. म्हणजे त्या खोलीत ते दोघं आहेत ते देवीच्या जबरदस्तीने. दाविद काय दाखवतो? पॅरिसच्या हातात वीणेसारखं तंतुवाद्य, हेलन त्याच्या खांद्यावर रेललेली. देवी आहे, पण कोपऱ्यातल्या खांबावरची छोटीशी मूर्ती म्हणून. फर्निचर झालीय तिचं. जाता जाता, मागे छत तोलणाऱ्या ज्या चार दगडी बायका आहेत त्या ग्रीसच्या नाहीत, झाँ गुजाँने सोळाव्या शतकात खुद्द लूव्रच्या एका दालनासाठी घडवलेल्या आहेत.

आणि १८१९ चं ‘अकिलीसचा संताप’. अकिलीस या ग्रीक योद्ध्याने तलवारीला हात घातलाय असा प्रसंग म्हटला की होमर वाचलेल्या माणसाला इलियडचा पहिला सर्ग आठवतो. अथीना मागून येऊन अकिलीसचे केस धरते आणि त्याला थांबवते. दाविदने भांडणाची जोडी तीच ठेवली, अकिलीस आणि ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन, पण प्रसंग बदलला. अगामेम्नॉनच्या मुलीला, इफिजेनियाला, लग्नाच्या नावाखाली बोलावून घेतलंय आणि आता तिचा बळी द्यायचाय, हे अकिलीसला कळण्याचा तो क्षण आहे. मुलगी नवरीच्या वेषात, आईचे डोळे रडून लाल. तलवार निम्मी बाहेर आलीय आणि ती थांबवायला कोणी देवी नाही. अगामेम्नॉनची नजर आणि हात, बस. अथीनाचं काम बापाच्या थंडपणाने केलंय, आणि ते अथीनापेक्षा भयंकर आहे.

तर माझं म्हणणं असं की या मंडळींनी ग्रीक पुराणं घेतली ती देव वजा करून. खोडून काढा.

-----

रानजाई

मस्त लिहिलंय. एंडिमियन लूव्रमध्ये पाहिलाय, पण तो झोत म्हणजेच देवी हे तेव्हा लक्षातच आलं नव्हतं. मला वाटलं नुसतं छान चांदणं आहे.

पण मग अँग्र या फ्रेंच चित्रकाराचा ‘ज्युपिटर आणि थेटिस’ (ज्युपिटर म्हणजे झ्यूसच, रोमन नावाने) कुठे बसवायचा? त्यात तर भिंतभर झ्यूस आहे!

-----

संशयात्मा

सोयीची चित्रं निवडली की कुठलाही सिद्धांत उभा राहतो. :)

१. या शैलीचं आद्य चित्र म्हणून ज्याचं नाव घेतात ते मेंग्स या जर्मन चित्रकाराचं ‘पार्नासस’, १७६१. रोममधल्या कार्डिनल अल्बानीच्या व्हिलात छतावर आहे. मधोमध अपोलो उभा, भोवती नऊ कलादेवता. देवच देव.

२. दाविदचं शेवटचं मोठं चित्र, १८२४. व्हीनस युद्धदेव मार्सची शस्त्रं काढून घेतेय. ढग, कबुतरं, क्यूपिड, तीन ग्रेसेस, सगळा लवाजमा हजर.

३. जेरारचं ‘क्यूपिड आणि सायकी’, १७९८. प्रेमदेव आणि त्याची मानवी प्रेयसी.

खोडून काढा म्हणालात म्हणून.

-----

कुंचलेवाला

@रानजाई, @संशयात्मा, बरं झालं हीच चित्रं काढलीत.

मेंग्सचा अपोलो बघा. काय करतोय तो? काहीच नाही. प्राचीन पुतळा उचलून हिरवळीवर ठेवावा तसा उभा आहे. त्याआधीच्या छतचित्रांत देव खालून वर बघावेत असे हातपाय झाडत उडत असत. मेंग्सने छतावरसुद्धा चित्र असं काढलं की जणू भिंतीवरची चौकट उचलून वर आडवी लावलीय. आणि याच कार्डिनलकडे विंकेलमन ग्रंथपाल होता, तेव्हा ही शांतता कुठून आली ते सांगायला नको. शोभेच्या देवाला या चित्रकारांची हरकत नव्हती. माणसांच्या भानगडीत हात घालणारा देव त्यांना नको होता. म्हणून माझा मुद्दा जरा टोकदार करतो: देव उरले, त्यांची करणी गेली.

जेरारची सायकी तर माझ्याच बाजूने साक्ष देते. क्यूपिड तिच्या कपाळावर ओठ टेकवायला वाकलाय आणि तिला तो दिसतच नाही. ती समोर शून्यात बघतेय. डोक्यावर एक फुलपाखरू तेवढं. देव चित्रात आहे, पण चित्रातल्या माणसाच्या लेखी नाही!

अँग्रबद्दल सवडीने लिहितो, ते एका ओळीत उरकायचं चित्र नाही.

-----

निशिगंध७

वाचतेय. एक भर घालते. दाविदच्या आधी पंधरा वर्षं हेक्टर-अँड्रोमकीची ताटातूट रंगवणारी बाई होती, अँजेलिका कॉफमन. जन्म स्वित्झर्लंडमधल्या कूरचा, शिक्षण इटलीत, नाव झालं लंडनला. १७६८ मध्ये रॉयल अकादमी स्थापन झाली तेव्हा संस्थापक सभासदांत दोनच बायका होत्या, ही आणि मेरी मोझर. ते हेक्टरचं चित्र १७६९ च्या पहिल्याच प्रदर्शनात लागलं होतं.

झोफानीने थोड्याच काळाने अकादमीच्या सभासदांचं समूहचित्र काढलं. नग्न पुरुष मॉडेलभोवती सगळे जमलेत असा प्रसंग. त्या वर्गात बायकांना मज्जाव, म्हणून या दोघी चित्रात आहेत त्या भिंतीवर टांगलेल्या तसबिरी म्हणून. संस्थापक असून!

आता कुंचलेवालांच्या मुद्द्याकडे. पुरुष चित्रकार शरीरं रंगवत होते तेव्हा तिने पुराणातल्या वाट बघणाऱ्या बायका उचलल्या. नवरा ओडिसियसची वाट बघत मागाशी बसलेली पेनेलपी (१७६४), प्रियकर थीसियस सोडून गेल्यावरची आरिआडनी (१७७४). पेनेलपी तर तिने पुन्हा पुन्हा काढली. आणि तिच्याकडेही देव जवळपास नाहीतच. आरिआडनीच्या गोष्टीत पुढे मद्याचा देव डायोनायसस येऊन तिला घेऊन जातो, बाकीच्या चित्रकारांचा तो आवडता भाग. ही मात्र तो यायच्या आधीच थांबते. मला हे दाविदच्या अँड्रोमकीपेक्षा कमी धाडसाचं वाटत नाही. कॉफमनला ‘गोड’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांचा राग येतो.

-----

पेठेतला_पाहुणा

इतकं सगळं देव काढून टाकणं म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीची तयारीच की! राजा गेला, चर्च गेलं, देव गेले. इतकं सोपं आहे का प्रकरण?

-----

कुंचलेवाला

@पेठेतला_पाहुणा, इतकं सोपं नाही. ‘पॅरिस आणि हेलन’ कोणी काढून घेतलं माहितीय? राजाच्या सख्ख्या धाकट्या भावाने, काउंट दार्त्वाने. हा इसम जुलै १७८९ मध्ये बास्तीयचा तुरुंग लोकांच्या हाती पडताच देश सोडून पळाला आणि चित्र त्याच वर्षीच्या सलाँमध्ये लागलं. दाविद पुढे कडवा क्रांतिकारक झाला, राजाच्या मृत्युदंडाच्या बाजूने त्याने मत दिलं, पण हे चित्र दरबारी पैशाचं आहे. क्रांतीच्या धामधुमीत त्याने उचलले ते विषय रोमन इतिहासातले किंवा चालू घडामोडींतले. ग्रीक पुराणांकडे तो पुन्हा वळला तो म्हातारपणी, १८१६ नंतर ब्रसेल्सला हद्दपारीत असताना. तेव्हा क्रांती संपून जुन्या बोर्बों घराण्याचे राजे परत गादीवर बसले होते.

-----

खडूची_भुकटी

चित्रकलेची शिक्षिका म्हणून लिहितेय, मोठं झालं तर सांभाळून घ्या.

आमच्या जे. जे. स्कूलमध्ये (स्थापना १८५७) ग्रीक-रोमन पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे बघून रेखाटन करायची जी पद्धत आली, ती याच युरोपीय अकादम्यांची. आधी पुतळा, मग जिवंत माणूस. म्हणून आम्हाला ही चित्रं बघताना एक गोष्ट लगेच जाणवते: यातली शरीरं माणसाकडून शिकलेली नाहीत, प्लास्टरकडून शिकलेली आहेत. प्रकाश एका बाजूने, त्वचा गुळगुळीत, कुंचल्याचा फटकारा औषधालाही नाही. पुतळ्याला बुबुळ नसतं, तीच नजर बऱ्याच चेहऱ्यांवर उतरलीय.

दुसरं उगमस्थान म्हणजे रेषा. १७९३ मध्ये जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराची होमरवरची रेखाचित्रं कोरून छापली गेली. छायाप्रकाश नाही, पार्श्वभूमी नाही, ग्रीक भांड्यांवर असते तशी नुसती बाह्यरेषा. युरोपभर लोकांनी ती गिरवली. अँग्रने १८०१ मध्ये प्री द रोम, म्हणजे रोमला शिकायला पाठवणारं सरकारी बक्षीस, जिंकलं ते इलियडमधल्याच प्रसंगावर, अकिलीसच्या तंबूत अगामेम्नॉनचे दूत येतात तो. (बक्षीस मिळालं, पण खजिन्यात पैसे नव्हते म्हणून रोमला जायला त्याला १८०६ उजाडलं. सरकारी कामं तेव्हाही तशीच.) फ्लॅक्समनची रेषा त्याच्या हाडीमासी किती खिळली होती ते थेटिसच्या मानेत कळतं. तो गळा शरीरशास्त्रात बसत नाही. तेव्हाच्या लोकांना गलगंड वाटला. अँग्रला रेषा कुठे वळावी हे आधी दिसलं, हाडं नंतर.

-----

डॅलसकर

अरे वा, शेवटी आमच्या गावालाही महत्त्व आलं! ‘अकिलीसचा संताप’ फोर्ट वर्थच्या किंबेल संग्रहालयात आहे, घरापासून जवळच. फोटोत कळत नाही, पण चित्र तसं लहान आहे आणि चार माणसं त्यात कोंबून बसवलीत. कोणाचेच पाय दिसत नाहीत. मागे पळायला जागा नाही, पुढे यायला जागा नाही. इफिजेनियाचा हात स्वतःच्या छातीवर, आणि ती कोणाकडेच बघत नाही. मला वाटायचं हिला कळलंय की नाही काय चाललंय. आता वाटतं, हिलाच सगळ्यात आधी कळलंय.

त्याहून गंमत म्हणजे डॅलस म्युझियम ऑफ आर्टमध्ये दाविदचंच १७७२ चं चित्र आहे: अपोलो आणि डायना नायोबीच्या मुलांवर बाण सोडतायत (नायोबीने आपल्या मुलांची फुशारकी मारून त्या दोघांच्या आईला हिणवलं होतं). वर ढगांत देव, खाली प्रेतांचा खच, रंग सगळे बूशेच्या दुकानातले. हे चित्र त्याने प्री द रोमच्या स्पर्धेसाठी काढलं होतं. बक्षीस मिळालं नाही म्हणून पठ्ठ्याने खोलीत कोंडून घेऊन अन्नत्याग केला होता! एका दिवसात दोन्ही चित्रं बघून होतात. सकाळी देव ढगांतून माणसं मारतायत, दुपारी बापच मुलीला मारायला निघालाय. कुंचलेवाला, तुमचा मुद्दा इथे गाडीने तासाभरात सिद्ध होतो.

-----

रानजाई

@डॅलसकर :D

कुंचलेवाला, अँग्र अजून बाकी आहे, विसरू नका.

-----

कुंचलेवाला

विसरलो नाही. ‘ज्युपिटर आणि थेटिस’, १८११. अँग्र रोमला व्हिला मेडिचीत, फ्रेंच शिष्यवृत्तीधारकांच्या मुक्कामाच्या जागी, होता, शिष्यवृत्तीवरचं शेवटचं काम म्हणून हे पॅरिसला पाठवायचं होतं. सव्वातीन मीटर उंच. सध्या एक्स-आँ-प्रोव्हाँसच्या ग्रॅने संग्रहालयात आहे.

प्रसंग इलियडच्या पहिल्याच सर्गातला. अकिलीसचा अपमान झालाय, त्याची आई थेटिस झ्यूसकडे गाऱ्हाणं घेऊन जाते. होमर सांगतो की ती डाव्या हाताने त्याचे गुडघे धरते आणि उजव्या हाताने हनुवटीला स्पर्श करते. याचकाची ग्रीक रीत ती. अँग्रने हात बदललेत. चित्रात तिचा उजवा हात त्याच्या मांडीवर आहे आणि डावा हात साप चढावा तसा वर गेलाय, बोटं दाढीत. तिची पायाची बोटं बघा, वळलेली मान बघा, सगळं चित्र खालून वर चढतंय. आणि झ्यूस? समोर बघतोय. एक हात राजदंडावर, दुसरा ढगावर टेकलेला. ढग हाताला आधार देतोय, आपल्याकडे गादीवर लोड असतो तसा! डाव्या कडेला हेरा ढगाआडून हे सगळं बघतेय, म्हणजे घरी गेल्यावर काय होणार तेही चित्रात आहे.

होमरमध्ये यानंतर झ्यूस आधी गप्प बसतो, मग मान हलवतो आणि त्या होकाराने ऑलिंपस थरथरतो. अख्खं महायुद्ध त्या एका मानेच्या हालचालीवर फिरतं. अँग्रने तो होकार काढला नाही. त्याआधीचा ठोंबा काढला. त्याने १८०६ मध्ये नेपोलियन सिंहासनावर असाच समोरून, असाच ताठ, हातात दंड देऊन बसवला होता. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघा, कोण कोणाची नक्कल आहे ते सांगता येत नाही.

तेव्हा इथेही देवाची करणी नाहीच. करते ती थेटिस. ती देवता असली तरी चित्रात ती पोरासाठी दार ठोठावणारी आई आहे.

पॅरिसला हे चित्र आवडलं नाही. ते अँग्रच्याच कार्यशाळेत पडून राहिलं आणि १८३४ मध्ये सरकारने घेतलं.

-----

रानजाई

हनुवटीला हात लावून विनवणं आपल्याकडेही आहे की! आजीची समजूत घालताना, रुसलेल्या मुलीला मनवताना. पण आपल्याकडे त्यात लाड असतो. थेटिसच्या हातात लाडही आहे आणि नाइलाजही, म्हणून ते चित्र थोडं अस्वस्थ करतं.

-----

संशयात्मा

झ्यूस ठोंबा हे मान्य. मेंग्सही एक वेळ सोडतो. पण दाविदचा मार्स? तिथे व्हीनस काहीतरी करतेय, युद्धदेवाला नि:शस्त्र करतेय. ही करणी नाही तर काय?

आणि एक नवीन. गेरँ, १८१० ची ‘ऑरोरा आणि सेफालस’. उषादेवी झोपलेल्या शिकाऱ्याला ढगांवरून उचलून नेतेय. माणसाच्या भानगडीत देवीने घातलेला हात, तोही ढगासकट. याचं काय करणार?

-----

कुंचलेवाला

मार्सच्या चित्रात माणूसच नाही, @संशयात्मा. देव देवांशी खेळतायत. दाविद तेव्हा पंचाहत्तरीचा, आणि मॉडेल म्हणून त्याने ब्रसेल्सच्या द ला मोने नाट्यगृहातले कलाकार बसवले होते. व्हीनस त्यातलीच एक नर्तकी. बघताना मला ऑलिंपस दिसतच नाही, बॅलेचा शेवटचा प्रवेश दिसतो. डॅलसचं नायोबीचं चित्र आणि हे, मध्ये बावन्न वर्षं. पहिल्यातले देव बाण मारतात, शेवटचा देव चपला सोडवून घेतोय. (खरंच, क्यूपिड त्याच्या पायातल्या वहाणांचे बंद सोडतोय.)

गेरँच्या ऑरोराला मात्र माझ्या चौकटीत कोंबत नाही. ती चौकटीबाहेरच राहू दे. पण त्याच गेरँचं १८१७ चं ‘क्लायटेम्नेस्ट्रा’ बघितलंत का? अगामेम्नॉन युद्धावरून परतून झोपलाय. लाल पडदा, त्यामागे दिवा, सगळी खोली रक्ताच्या रंगात. त्याच्या बायकोच्या, क्लायटेम्नेस्ट्राच्या, हातात खंजीर आहे, पाऊल पुढे पडलंय पण अंग मागे ओढतंय, आणि पाठीमागून तिचा प्रियकर एजिस्थस तिला ढकलतोय. शाप, सूड, कुळाचं पाप, ग्रीक नाटकात यामागे देवांची केवढी साखळी आहे. इथे एक बाई आणि एक पुरुष. जेरिको आणि देलाक्रोआ हे पुढचे रोमँटिक चित्रकार याच गेरँचे विद्यार्थी, हे त्या लाल रंगाकडे बघून पटतं.

-----

संशयात्मा

क्लायटेम्नेस्ट्रा मान्य. ऑरोराचा गुण माझ्या खात्यात. बाकी देव वजा झाल्यावर या लोकांना पुराणंच का लागली, थेट माणसंच का नाही रंगवली, यावर कोणीतरी वेगळा धागा काढा.

-----

खडूची_भुकटी

@संशयात्मा, त्याचं अर्धं उत्तर रोकडं आहे. अकादमीच्या उतरंडीत इतिहास आणि पुराण सगळ्यात वर, व्यक्तिचित्र त्याखाली, निसर्गदृश्य आणि फळं-फुलं तळाला. प्री द रोमचा विषय पुराण, बायबल नाहीतर प्राचीन इतिहासातूनच यायचा. शेजारच्या घरातली रडणारी विधवा काढली असती तर दाविदला अकादमीत कोणी इतिहासचित्रकार म्हणून घेतलं नसतं. तिचं नाव अँड्रोमकी ठेवलं, घेतलं.